उरलेला समुद्र

बाईंच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा खिडकीच्या पडद्यांना खालच्या बाजूने पदकं बांधलेली होती. आधी वाटलं, शोभेला असतील. मग वारा आला, पडदा फुगला आणि दोन पदकं भिंतीवर आपटून खणखणली, तेव्हा कळलं की ती वजनाला आहेत. नायगावच्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर वारा फार. पडदा उडून गॅसच्या शेगडीवर जायचा, म्हणून बाईंनी हा उपाय काढलेला. राष्ट्रीय स्पर्धांतली पदकं बाहेरच्या खिडकीला, राज्य स्पर्धांतली आतल्या. "राज्याची हलकी निघाली," त्या म्हणाल्या. मोठ्या चषकात कपड्यांचे चिमटे होते. एक गोल ढाल पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून बसवली होती आणि ती इतकी चपखल बसत होती, की डब्याचं माप घेऊनच बाई त्या स्पर्धेत उतरल्या असाव्यात असं मला वाटून गेलं.

पदकं अशी का ठेवली म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, कपाटात जागा नाही. चाळीतल्या खोलीत हे उत्तर पुरतं. पुढे चाळ पाडायला घेतली आणि बाई मुलाकडे पनवेलला राहायला गेल्या. तिथे सरकत्या काचांच्या खिडक्या आहेत, पडदे उडत नाहीत. मध्यंतरी फोनवर मी पदकांची चौकशी केली. "कुठल्यातरी खोक्यात असतील गं," त्या म्हणाल्या, आणि पनवेलच्या तलावावर तिथल्या बायका पाय कसे चुकीचे मारतात ते सांगत बसल्या.

बाई बटरफ्लाय पोहायच्या. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढे फेकायचे आणि कमरेपासून लाट काढत जायचं, असा तो प्रकार. बघायला देखणा, करायला जीव काढणारा. त्यात कित्येक वर्षं महाराष्ट्रात त्यांना कोणी हरवलं नव्हतं. देशात त्या पहिल्या आल्या होत्या आणि एकदा भारताकडून परदेशात जाऊनही पोहल्या होत्या. ही सगळी माहिती मला टँकवरच्या जुन्या लोकांनी पुरवली. खुद्द बाईंना विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "पोहले, जिंकले, भूक लागली." परदेशातलं काय आठवतं, असं एकीने खोदून विचारलं तेव्हा त्यांनी खरंच जरा आठवून पाहिलं. मग म्हणाल्या, "पाणी कोमट होतं. आपल्याकडे का नाही ठेवत?"

खेळाडू म्हणून त्यांना एका सरकारी कचेरीत नोकरी लागली, तिथून त्या निवृत्त झाल्या आणि मग दादरच्या टँकवर सकाळच्या लेडीज बॅचला शिकवायला लागल्या. मी तिथे पोचले ती गुडघ्यांमुळे. पन्नाशी ओलांडली होती, जिने चढताना गुडघे कुरकुरत होते, आणि डॉक्टर म्हणाले, पोहा. माझी शाळा दुपारची, सकाळ मोकळी. चिंचपोकळीला घरी मी हे सांगितलं तेव्हा सासूबाईंनी हातातलं निवडणं बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं. "काय गो, ह्या वयात पेवूक जातलंस?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "बघ बाय, बुडू नको."

पहिल्या दिवशी मी नवा पोहण्याचा पोशाख घालून, वर टॉवेल गुंडाळून, बदलायच्या खोलीच्या दारात उभी राहिले होते. बाहेर यायची हिंमत होईना. समोरून एक उंच, रुंद खांद्यांच्या, पांढऱ्या केसांचा बॉयकट केलेल्या बाई आल्या. त्यांचा पोशाख जुना होता, कमरेपाशी रफू केलेला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, कुठून आलीस. मी नाव सांगायला लागले. त्यांनी हातानेच थांबवलं. "नाव नको, मला राहत नाही. कुठून आलीस?" मी म्हटलं, चिंचपोकळी. "चल चिंचपोकळी. पाण्यात शिरलं की सगळ्या मानेपर्यंत सारख्याच दिसतात."

तेव्हापासून मी चिंचपोकळी झाले. बॅचमधल्या सगळ्यांची नावं त्यांच्या राहत्या जागेवरून होती. माझी घट्ट मैत्री झाली ती दोघींशी. एक शीव, म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स. आणि दुसरी माहीम. माहीम कोळीण होती, बाजारात मासळी विकायची, घरच्यांच्या बोटी होत्या, आणि तिला पोहता येत नव्हतं. आम्ही नवल केलं तर ती म्हणाली, आमच्यात पुरुष दर्यावर जातात, बाया बाजारात जातात, बाजारात कोण बुडतं? लोक येता-जाता आमच्याकडे बघायचे, कारण टँकभर बाईंचा आवाज घुमत असायचा. ए शीव, मान खाली. ए माहीम, श्वास सोड. चिंचपोकळी, पाय मार, पाय.

बाईंची शिकवण्याची पद्धत कुठल्या पुस्तकात नसेल. पहिले काही दिवस त्यांनी आम्हाला पोहू दिलंच नाही. उथळ भागात छातीएवढ्या पाण्यात उभं करायचं आणि गप्पा मारायला लावायच्या. काल भाजी काय केलीस, सून कशी आहे, नळाला पाणी किती वाजता येतं. मला वाटलं, बाईंना चौकशांची हौस आहे. पण गप्पा मारता मारता त्या आम्हाला हळूहळू खोल भागाकडे सरकवत असत, आणि आपण कुठवर आलो ते आम्हाला उशिरा कळे. भ्यालेला माणूस श्वास कोंडून धरतो आणि बोलणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो, हे त्यामागचं कारण त्यांनी फार नंतर सांगितलं. मी पहिल्यांदा हात सोडून तरंगले तेव्हा सासूबाईंच्या मोतीबिंदूविषयी बोलत होते.

कौतुक त्या करत नसत. कोणी पहिल्यांदा टँकची पूर्ण लांबी पोहून गेली की बाकीच्या टाळ्या वाजवायच्या, आणि बाई फक्त म्हणायच्या, "बुडली नाहीस." याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती. आम्ही ती घरी जाऊन सांगायचो.

बॅच सुटल्यावर बाहेरच्या बाकावर बसून त्या डबा उघडत. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, कांदा. आमच्यापैकी कोणी पोळीभाजी आणली असेल तर तीही खात. सकाळी नवाच्या सुमाराला एवढं जेवण करताना मी दुसऱ्या कोणालाही पाहिलेलं नाही. शीव आपल्या नर्सच्या सवयीने त्यांच्या रक्तदाबाविषयी काहीतरी सुरू करायची. बाई शांतपणे तिच्याच डब्यातलं लोणचं घ्यायच्या.

आणि जमिनीवर मात्र त्यांचं काही खरं नव्हतं. सपाट फरशीवर अडखळायच्या. रस्ता ओलांडायचा म्हटलं की घाबरायच्या. दादरला सिग्नल हिरवा झाला तरी त्या फुटपाथच्या कडेला घट्ट उभ्या. मग माझा दंड पकडायचा, डोळे जवळजवळ मिटायचे आणि पलीकडे जाईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. एवढ्या शर्यती पोहलात आणि टॅक्सीला भिता, असं मी एकदा म्हटलं. तर त्या गंभीरपणे म्हणाल्या, "टॅक्सीत दुसरा माणूस असतो ना. त्याच्या मनात काय, आपल्याला काय माहीत?"

त्या लहानपणी पोहायला कशा लागल्या ते मला एका सकाळी बाकावरच कळलं. त्यांच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने चाळीतल्या पाच-सहा मुलींना टँकवर नेलं होतं. बाकीच्या रडून घरी गेल्या. ही बाहेर येईना. संध्याकाळी शेवटी रखवालदाराने चाळीत निरोप पाठवला की तुमची पोर घेऊन जा. वडील गिरणीत रिंगखात्यात होते, ते पाळी संपवून थेट तिथे आले आणि काठावर बसून राहिले. रागावले नाहीत. मुलगी पाण्यात होती आणि त्यांना पोहता येत नव्हतं, त्यामुळे रागावून उपयोगही नव्हता, असं बाई म्हणाल्या.

घरी आजी होती. ती महाडकडची. चवदार तळ्याचं पाणी प्यायला जी माणसं गेली होती, त्यांत आजीचे सासरे होते. आजी नातीला म्हणायची, आमच्या माणसांनी एका ओंजळीसाठी किती मार खाल्ला, आणि तू तर त्यात पालथी पडतेस, उताणी पडतेस, वर पाय झाडतेस. हे ती तक्रार केल्यासारखं म्हणायची, पण शेजारपाजारच्यांना बोलावून पुन्हा पुन्हा म्हणायची. नातीची पहिली मोठी शर्यत बघायला आजी टँकवर आली. शर्यत संपली, ही पहिली आली, लोक टाळ्या वाजवत होते, आणि आजी कोणाला काही न सांगता काठावरची शिडी धरून वाकली, एका हाताच्या पशात पाणी घेतलं आणि प्यायली. लोक ओरडले, आजी, औषध टाकलेलं असतं त्यात. आजीने तोंड वाकडं करून घोट गिळला.

"काय म्हणाली आजी?" माहीमने विचारलं.

"म्हणाली, कडू आहे गं. आणि अजून एकदा प्यायली."

आम्ही तिघी हसलो, बाईही हसल्या.

समुद्राची गोष्टही अशीच निघाली. माहीमला तोवर बऱ्यापैकी पोहता यायला लागलं होतं आणि तिला समुद्रात जायचे वेध लागले होते. तिने बाईंना विचारलं, तुम्ही दर्यात पोहलात कधी? बाई भाकरी मोडत होत्या. "पोहले," त्या म्हणाल्या. "पण थोडं राहिलं."

राहिलं म्हणजे काय, ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. टँकमधल्या शर्यती जिंकून झाल्या होत्या आणि त्यांच्या सरांनी ठरवलं की आता धरमतर ते गेटवे. धरमतरच्या खाडीत पहाटे उतरायचं, ओहोटीबरोबर खाडीबाहेर यायचं आणि मग भरती पकडून थेट गेटवेच्या पायऱ्यांना हात लावायचा. सोबतीला बोट असते. बोटीतून खायला-प्यायला देता येतं, पण पोहणाऱ्याला कोणी हात लावायचा नाही. हात लागला की तिथेच सगळं बाद.

बोटीत सर होते आणि आण्णा होते. आण्णा म्हणजे बाईंचे वडील. गिरणीतून सुट्टी काढून आले होते. बोटीत ते पहिल्यांदाच बसत होते, आणि बसल्यापासून त्यांना उलट्या होत होत्या. तरी मधूनमधून काठावरून डोकं बाहेर काढून लेकीकडे बघायचे. बाई म्हणाल्या, मला वाटायचं, आण्णा ओकायला वाकलेत की मला बघायला, ते पाण्यातून कळायचंच नाही.

अर्ध्याहून जास्त अंतर छान गेलं. मग जेलीफिश लागले, अंगभर चटके बसले, वेग पडला, आणि वेळेचं गणित चुकलं. गेटवेची कमान समोर दिसायला लागली होती, पण भरती संपत आली. ओहोटी लागली की बंदरातलं सगळं पाणी बाहेरच्या समुद्राकडे ओढतं. बाई हात मारत होत्या आणि कमान तेवढीच राहत होती. मोठी होईना. सर बोटीतून ओरडून प्रश्न विचारत होते, शुद्धीवर आहे की नाही ते बघायला. राहतेस कुठे, असं त्यांनी विचारलं आणि बाईंनी आजीच्या गावाचं नाव सांगितलं. सर म्हणाले, दमलीय, पण दम आहे अजून, थोडा वेळ बघू. आण्णांनी पुढचा विचार केला नाही. ते काठावरून वाकले आणि त्यांनी लेकीचा हात धरला.

"झालं," बाई म्हणाल्या.

गेटवेला चाळीतले लोक हार आणि ढोल घेऊन उभे होते. ढोल वाजला नाही. बाई त्यांच्यामधून घरी गेल्या. पुढे गिरण्यांचा संप आला, आण्णांचं काम गेलं, बाईंना नोकरी लागली, लग्न झालं, मुलगा झाला. धरमतर पुन्हा झालं नाही. घरात सगळं बोलणं व्हायचं, पण त्या दिवसाविषयी बापलेकीत कधी शब्द निघाला नाही. आण्णा पुष्कळ जगले. बाईंच्या नवऱ्याच्या पश्चात ते लेकीकडेच होते. शेवटची दोन-तीन वर्षं त्यांना काही आठवेनासं झालं. गिरणी आठवेना, बायको आठवेना. मात्र बाई बाजारातून येवोत नाहीतर टँकवरून, दारात चप्पल वाजली की आण्णा खाटेवरून विचारायचे, "पोचलीस का गं?"

"मग तुम्ही काय म्हणायच्या?" मी विचारलं.

"पोचले, म्हणायचे. रोज." बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "रोज खोटं बोलले ना मी."

त्यानंतर दोन-चार दिवसांनी बॅच सुटल्यावर बाईंनी माहीमला विचारलं, तुझ्या भावाची बोट भाऊच्या धक्क्यावर असते ना? माहीम म्हणाली, असते. "मला उरलेलं पोहायचंय," बाई म्हणाल्या.

आधी आम्हाला वाटलं, पूर्ण धरमतर. शीव उभीच राहिली. पण बाईंना पूर्ण अंतर नको होतं. जितकं पोहून झालं ते झालं, असं त्यांचं म्हणणं. आण्णांनी जिथे हात धरला तिथून पुढचं तेवढं बाकी आहे, ते संपवायचं. ती जागा त्यांच्या लक्षात होती. उजवीकडे घारापुरीचा डोंगर, डाव्या खांद्यामागे कुलाब्याचा दीपस्तंभ, समोर कमान, आणि कमानीखालची माणसं दिसायला लागायच्या आत. अंतर दोन-अडीच किलोमीटर असेल. टँकमध्ये त्या ते हसत पोहत. पण समुद्र म्हणजे टँक नव्हे, आणि बाईंची पासष्टी उलटली होती. मुलगा पनवेलहून येऊन भांडून गेला. शीवने रक्तदाब तपासून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय माझ्यापेक्षा बरं आहे. त्यावर मुलगा एवढंच म्हणाला की पाण्याबाहेर आल्याबरोबर मला फोन करा, आईला करायला नका सांगू, तुम्ही करा.

बंदरात कोणालाही उठून पोहता येत नाही, परवानगी लागते. एका क्लबच्या मुलांचा हिवाळ्यात समुद्रात सराव असे, त्यांच्या परवानगीत बाईंना घेतलं. क्लबचे जे गृहस्थ आमच्या बोटीत देखरेखीला आले, ते फार आदराने वागत होते, कारण त्यांनी लहानपणी बाईंना शर्यत जिंकताना पाहिलं होतं. फक्त हा काय प्रकार आहे ते त्यांना समजत नव्हतं. ते चाचरत म्हणाले, मॅडम, मध्येच सुरू केलेलं कुठेच धरत नाहीत.

"धरा असं कोण म्हणतंय?" बाई म्हणाल्या.

सकाळचं ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं. बोट गेटवे मागे टाकून दक्षिणेकडे निघाली. बाई पुढे उभ्या राहून एकदा डोंगराकडे, एकदा दीपस्तंभाकडे बघत होत्या. एका ठिकाणी माहीमच्या भावाने इंजिन बंद केलं. इथेच असणार, असं तो म्हणाला. बाईंनी मान वळवून पाहिलं आणि म्हणाल्या, थोडी मागे घे. त्याने घेतली. अजून मागे. त्याने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि अजून मागे घेतली. "जास्त झालं तर चालेल, कमी नको," असं आम्हाला सांगून त्यांनी टोपी ओढली, चष्मा लावला आणि शिडीवरून पाण्यात उतरल्या. उडी वगैरे मारली नाही. नळाखाली बादली लावायला जावं तशा गेल्या.

मी त्यांना आजवर टँकमध्येच पाहिलं होतं, तिथे त्या मोठ्या दिसत. बंदरात ती पांढरी टोपी फार लहान दिसत होती. बाजूने लाँच जात होत्या, दूर मोठी जहाजं उभी होती, पाण्याला डिझेलचा वास होता. बाई फ्रीस्टाइल पोहत होत्या, एका लयीत, डोकं न उचलता. माहीम बोटीच्या टोकाला बसून हात मोजल्यासारखी मान हलवत होती. शीवने औषधांची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. कमान हळूहळू मोठी होत होती, आणि ते बघून मला बरं वाटत होतं.

मग घारापुरीची एक लाँच जवळून गेली. तिच्या लाटा एकामागून एक आल्या आणि बाई दिसेनाशा झाल्या. पुन्हा दिसल्या तेव्हा त्या थांबल्या होत्या. पाणी नाकातोंडात गेलं असावं, जोरजोरात खोकत होत्या. चेहरा लाल झालेला. माहीमच्या भावाने बोट त्यांच्या जवळ नेली, अगदी हातभर अंतरावर. शीव विचारत होती, काय होतंय, छातीत दुखतंय का. बाई उत्तर देत नव्हत्या, खोकत होत्या. आणखी एक लाट आली. त्या आत गेल्या, वर आल्या, आणि त्यांचे डोळे मला दिसले. त्यांत भीती होती. रस्ता ओलांडताना असते तशी नव्हे, वेगळी.

माझा हात पुढे गेला. मी विचार करून केलं नाही. एका हाताने बोटीचा काठ धरून मी पूर्ण वाकले होते, बोटं पसरलेली, आणि त्यांचा खांदा आणि माझी बोटं यांत वीतभर अंतर राहिलं होतं. हात लावला तर काय होणार ते मला चांगलं माहीत होतं. त्या वेळी त्याचं मला काही वाटत नव्हतं. हे माणूस बोटीत यायला हवं, बास, एवढंच डोक्यात होतं.

बाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग पाठ वळवली आणि बोटीपासून दूर, आडव्याच दिशेने पाच-सात हात मारले. तिथे जाऊन त्या पाठीवर वळल्या, आकाशाकडे तोंड करून तरंगत राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते. शीव म्हणाली, बडबडताहेत की काय? मला मात्र कळलं. त्या बोलत होत्या, म्हणजे श्वास घेत होत्या. थोड्या वेळाने त्या पालथ्या झाल्या आणि पुन्हा त्याच लयीत निघाल्या, पण आता बोटीपासून चांगलं अंतर राखून. माहीमच्या भावाने बोट जवळ न्यायचा प्रयत्न केला की त्या आणखी लांब सरकत. शेवटी क्लबचे गृहस्थ म्हणाले, राहू द्या, त्यांना त्यांच्या पाण्याने जाऊ द्या.

गेटवेच्या पायऱ्यांवर नेहमीसारखी पर्यटकांची गर्दी होती. कोणाचं लक्ष नव्हतं. बाईंनी शेवाळलेल्या पायरीवर हात टेकला, मग दुसरा हात टेकला, आणि दोन्ही हात तिथेच ठेवून बराच वेळ मान खाली घालून राहिल्या. एका फोटोवाल्याने वरून विचारलं, फोटो मॅडम, अर्जंट? माहीम त्याच्यावर ओरडणार होती. पण बाई वर आल्या, त्यांनी टोपी काढली, केस हातानेच सारखे केले आणि म्हणाल्या, काढ. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात मागे कमान आलीच नाहीये, नुसता समुद्र आलाय.

मी मुलाला फोन केला. तो नुसताच हं हं करत होता. शीवने रक्तदाब तपासला, कोरडे कपडे दिले, वर शाल घातली. माहीम चहा आणायला गेली. बाई पायरीवर बसल्या होत्या आणि मी त्यांच्या शेजारी. मला ते बोलून टाकल्याशिवाय राहवेना. मी म्हटलं, बाई, मघाशी माझा हात लागला असता तुम्हाला.

"दिसला मला," त्या म्हणाल्या. "म्हणून तर लांब गेले."

मी म्हटलं, तुम्ही बुडताय असं वाटलं मला. दुसरं काही सुचलंच नाही.

"हो ना. त्यांनाही नसेल सुचलं." एवढं म्हणून त्या पाण्याकडे बघत राहिल्या. पायऱ्यांवर लहान लाटा येऊन फुटत होत्या. जरा वेळाने त्यांनी शालीतून हात काढला आणि माझ्या दंडावर, कोपराच्या थोडं वर, बोट ठेवलं.

"आण्णांना मी चावले होते त्या दिवशी. इथे. रक्त आलं होतं, तरी सोडलं नाही त्यांनी. कोणाला सांगितलं पण नाही, बोटीचा पत्रा लागला म्हणाले घरी." बोट तिथेच होतं. "शेवटी शेवटी आंघोळ मीच घालायचे ना त्यांना. व्रण होता अजून. बाकी काही आठवत नव्हतं त्यांना, पण तिथे साबण लावला की हसायचे."